डबा तोच, डिस्क जास्त! सुरती चलाखीपासून हार्ड डिस्कच्या पोटापर्यंत

सुरतेत साड्यांवर कॉम्प्युटरनं भरतकाम करणारी यंत्रं वर्षानुवर्षं फ्लॉपीवरून डिझाइन वाचत आली. तीच ती साडेतीन इंची, १.४४ एमबीची चौकोनी फ्लॉपी. कॉम्प्युटरमधून ती केव्हाच हद्दपार झाली, पण भरतकामाचं यंत्र दणकट असतं आणि महागही. फ्लॉपी मिळेनाशी झाली म्हणून चालतं यंत्र भंगारात कोण घालेल? मग सुरतेत आणि जगभर एकच उपाय निघाला. फ्लॉपी ड्राइव्ह खोलून काढायचा आणि त्याच खाचेत, त्याच ३४ पिनांच्या पट्टीला पेनड्राइव्ह घेणारा छोटा डबा जोडायचा. यंत्राच्या लेखी ती फ्लॉपीच. समोर दोन-तीन आकडे चमकतात, बटण दाबून नंबर निवडायचा, की एकाच पेनड्राइव्हवर शंभर, काही डब्यांत तर हजार फ्लॉप्या हजर!

टीव्हीखालच्या मीडिया प्लेअरमध्ये, डीव्हीआरमध्ये किंवा जुन्या गेमच्या डब्यात जास्तीची हार्ड डिस्क बसवणं ही याच जातीची करामत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या मराठी घरांत तिचा उपयोगही मोठा आहे. उधना-जळगाव रेल्वेनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून येऊन इथं रुजलेल्या या घरांत लग्नाच्या सीड्यांची चळत कपाटात असतेच. ती सगळी एका डब्यात मावते. आणि हा डबा उघडला, की एकाहून एक भन्नाट गोष्टी बाहेर पडतात.

माग आधी, डिस्क नंतर

हार्ड डिस्कची वंशावळ शोधत मागे गेलं, तर आपण थेट मागाशी पोचतो. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी साठवणारं यंत्र आणलं. भोक असेल तर सुई आत जाणार, नसेल तर अडणार. सुरतेत आजही ज्या जॅकार्डवर कापड विणलं जातं, त्याचा हा मूळ पुरुष. त्याचं स्वतःचं चित्र पुढं रेशमात विणलं गेलं, त्याला तब्बल २४,००० कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजनं ते चित्र घरी लावलं होतं, आणि आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पनाही जॅकार्डच्या मागावरूनच उचलली.

१८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. याच आयबीएमनं १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरं! ८० रकान्यांच्या कार्डांच्या हिशेबात ही ६२,५०० कार्डं झाली. आज मोबाइलमधल्या एका फोटोलाही तेवढी जागा कमी पडू शकते.

डिस्कवर हिऱ्याचा भाऊ

सुरतेचा दुसरा धंदा हिऱ्यांचा, आणि तोही डिस्कमध्ये आहे. तबकडीवरच्या चुंबकीय थरावर कार्बनचं एक कवच असतं, हिऱ्यासारखं टणक, जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर. हायड्रोकार्बन वायूचा प्लाझ्मा करून त्यातला कार्बन पृष्ठभागावर बसवणं ही असं कवच चढवायची एक रीत. सुरतेच्या प्रयोगशाळांत सीव्हीडी पद्धतीनं हिरे वाढवतात, तेही वायूच्या प्लाझ्मातूनच. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या फर्स्ट लेडी जिल बायडेन यांना भेट दिलेला ७.५ कॅरटचा हिरा सुरतेतच वाढला होता. डिस्कवरचं कवच पूर्ण स्फटिक नसतं, म्हणून त्याला हिरा म्हणता येत नाही. पण कुळ एकच.

कवच कशासाठी? तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे मारते. साडेतीन इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि वाचणारं हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास धरा. इतक्या जवळून, इतक्या वेगानं! घरातली ही एवढीशी वस्तू इतकी नेमकी चालते, याचं मला दर वेळी मनापासून नवल वाटतं.

हेड तरंगतं ते हवेवर. म्हणून साध्या डिस्कला बारीक छिद्र असतं, आत गाळणी, आणि शेजारी इशारा छापलेला: हे भोक बुजवू नका. हवा विरळ झाली की हेड खाली येतं. बहुतेक डिस्कांना समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर ही कमाल उंची सांगितलेली असते. सुरतेला याची फिकीर नाही, कळसूबाईच्या माथ्यावरही चालेल, पण ३,५०० मीटरवरचं लेह हद्दीबाहेर. २०१३ मध्ये हवा काढून हीलियम भरलेल्या सीलबंद डिस्का बाजारात आल्या. हीलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्शाएवढी, त्यामुळे घर्षण घटलं आणि पाच तबकड्यांच्या जागी सात बसल्या.

लग्न लागलेल्या डिस्का

टीव्हीशेजारच्या डब्यात जास्तीची डिस्क घालायचा नाद जगाला लावला टिवोनं. ३१ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत हा रेकॉर्डर ग्राहकांकडे निघाला. टिवोची दोन मॉडेल्स होती, १४ तासांचं आणि ३० तासांचं. आत चक्क लिनक्स चालायचं. झाकण उघडणाऱ्या हौशी मंडळींनी दुसरी डिस्क जोडली आणि तासांची संख्या वाढवत नेली. दुसऱ्या डिस्कला आधी ‘आशीर्वाद’ द्यायचा एक छोटा प्रोग्राम होता, मग दोन डिस्कांचं ‘लग्न’ लागायचं. हे शब्द त्या मंडळींचेच. पण या लग्नाची अट कडक होती: एक डिस्क गेली की दुसरीवरचंही सगळं गेलं.

दोन डिस्का जोडून एकच मोठी दिसावी, अशी सोय आजही अनेक डब्यांत असते. तिथंही हाच धोका आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

२००१ च्या एक्सबॉक्समध्ये ८ जीबीची डिस्क होती, तीही पासवर्डनं कुलूपबंद. हौशींनी कुलूप काढलं, मोठी डिस्क घातली आणि गेमच्या डब्याला सिनेमे दाखवायला शिकवलं. त्यासाठी लिहिलेला एक्सबीएमसी हा प्रोग्राम २०१४ मध्ये कोडी झाला. आज अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर जो कोडी दिसतो, तो याच खटपटीचं लेकरू. २००७ च्या पहिल्या ॲपल टीव्हीतही लॅपटॉपची ४० जीबी डिस्क होती, लोकांनी तीही बदलली. सोनीनं मात्र २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये डिस्क बदलायची मुभा स्वतःच दिली. आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलनं मॅक मिनीच्या सर्व्हर मॉडेलातून डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथं दुसरी डिस्क बसवली. हौशी लोक जे घरी करत होते, ते कारखान्यातून आलं!

आपल्याकडे २००८ मध्ये आलेल्या टाटा स्काय प्लसमध्ये १६० जीबीची डिस्क होती. पण तिच्यावरचं रेकॉर्डिंग सांकेतिक केलेलं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी मालिका दिसायची नाही. डीटीएचचा डबा कंपनीच्या मालकीचा असेल, तर तो खोलूच नये.

साडेतीन इंच आहे तरी कुठं?

पट्टी घ्या आणि साडेतीन इंची हार्ड डिस्क मोजा. रुंदी १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार इंच. आतली तबकडी ९५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंच. साडेतीन इंच कुठंच नाहीत! तो आकडा फ्लॉपीचा. डिस्क फ्लॉपी ड्राइव्हच्या खाचेत बसावी म्हणून तिचं माप तसं घेतलं, आणि नाव चिकटलं. अडीच इंची डिस्क ६९.८५ मिलिमीटर रुंद असते, तिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर, काही जाड मॉडेल्स १२.५ आणि १५ ची.

स्क्रूंचीही गंमत आहे. साडेतीन इंचीला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला आणि डीव्हीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे तीन मिलिमीटरचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात जोर लावून पिळला, की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. लांब स्क्रूही नको. तो आत घुसून सर्किटला टेकू शकतो.

डब्यात जागा शोधायची तर पहिला मान डीव्हीडी ड्राइव्हचा. तो काढला की त्या जागी अडीच इंची डिस्क धरणारी पट्ट्यांची चौकट बसते. बाजारात तिला कॅडी म्हणतात. १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाड्या मिळतात, त्यामुळे दुकानात जाण्याआधी मोजमाप घ्या.

जागा मिळते, वीज मिळत नाही

नवशिक्याला वाटतं, डिस्क मावली म्हणजे काम झालं. खरी अडचण पुढं आहे. साडेतीन इंची डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्ट आणि सर्किटसाठी ५ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. एकदा फिरायला लागली की ती पाच ते आठ वॅटवर भागवते, पण थांबलेली तबकडी हलवताना काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. हे झाले २४ वॅट. बऱ्याच डब्यांचा अडॅप्टरच १२ व्होल्ट २ अँपिअरचा असतो! अशा डब्यात दुसरी डिस्क जोडून बटण दाबलं, की दोन्ही एकदम उठायला बघतात, व्होल्टेज खचतं, डबा रीसेट होतो, पुन्हा उठतो, पुन्हा रीसेट. आतून टक्-टक् आवाज येत राहतो आणि माणूस नव्या कोऱ्या डिस्कला दोष देतो. दोष अडॅप्टरचा असतो.

मोठ्या यंत्रांत यावर सुंदर तोड आहे. डिस्का एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतरानं जाग्या करतात. घरच्या डब्यात ती सोय क्वचित असते. तिथं दोन सरळ मार्ग: अडीच इंची डिस्क घ्यायची, जी फक्त ५ व्होल्टवर आणि एखाद्या अँपिअरवर उठते, किंवा दुसऱ्या डिस्कला स्वतंत्र पुरवठा द्यायचा. एसएसडीला तर मोटरच नाही. माझं मत विचाराल तर बंद डब्यात दुसरी डिस्क म्हणून अडीच इंची किंवा एसएसडीच घालावी.

बाहेरच्या यूएसबी डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क वापरणाऱ्यांना कधीकधी एक जादू भेटते. डिस्क जोडली, सगळं बरोबर, आणि ती हूं की चूं करत नाही. कारण असं, की नव्या साटा नियमांत वीज देणाऱ्या १५ पिनांपैकी तिसऱ्या पिनला ‘डिस्क बंद ठेव’ सांगण्याचं काम दिलंय. जुन्या एसएमपीएसमधून मात्र त्याच पिनवर ३.३ व्होल्ट येत असतात. डिस्क बिचारी हुकूम पाळत गप्प बसते. उपाय तीन मिलिमीटरचाही नाही: उष्णता सोसणाऱ्या पिवळट चिकटपट्टीचा बारीक तुकडा तिसऱ्या पिनवर चिकटवायचा. डिस्क लगेच फिरू लागते!

गरम, गोंगाट आणि एक गाणं

सुरतेचा मे महिना, बंद शोकेस, त्यात डबा, डब्यात दोन डिस्का. बहुतेक घरगुती डिस्कांना ६० अंश ही कमाल मर्यादा असते, आणि खोलीच ४० अंशांकडे चालली असेल तर ती मर्यादा दूर नाही. शिवाय या शहरात कापडाची तूस सगळीकडे असते. ती पंख्याच्या जाळीवर बसली की वारा बंद. दोन डिस्कांमध्ये बोटभर फट, मागं ८० मिलिमीटरचा संथ पंखा आणि महिन्यातून एकदा ब्रश, एवढ्यावर डिस्का सुखात राहतात.

आवाजाचा किस्सा तर झकास. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ५,४०० ची ९० वेळा. एकाच वेगाच्या दोन डिस्का एका पत्र्यावर आवळल्या, की त्यांच्या वेगातल्या किंचित फरकानं आवाज फुगतो-ओसरतो, फुगतो-ओसरतो. रात्री शांततेत तो स्पष्ट ऐकू येतो. स्क्रूखाली रबराचे वॉशर घातले की निम्मी कटकट संपते.

डिस्कला आवाजाचा त्रासही होतो. ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरनं २००८ च्या एका व्हिडिओत डिस्कांच्या रांगेवर ओरडून दाखवलं, आणि शेजारच्या पडद्यावर डिस्कांचं काम मंदावताना दिसलं. त्याहून पुढची गोष्ट २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेननं सांगितली. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’ वाजवलं की काही लॅपटॉप बंद पडायचे, आणि शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही! गाण्यातला एक स्वर त्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं तो स्वर गाळणारी चाळणी आवाजाच्या वाटेत बसवली. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जागतिक यादीत या गाण्यावरून आता रीतसर नोंदही आहे. तेव्हा होम थिएटरच्या वूफरला डबा टेकवून ठेवू नका.

आकड्यांच्या गमती

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

जुन्या डब्यांत १३७ जीबीची भिंत असते, कारण डिस्कवरचे पत्ते २८ बिटांत लिहिलेले. मधल्या काळातल्या डब्यांत २.२ टीबीची भिंत. ४ टीबी घालून अर्धीच दिसली तर हेच कारण. आणि फॅट३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीची हद्द असते, म्हणून सिनेमा कॉपी होता होता अडतो.

सुरतेत डिस्क पोटात घेणारा सर्वांत जास्त दिसणारा डबा म्हणजे सीसीटीव्हीचा डीव्हीआर. दुकानात ‘वन साटा’, ‘टू साटा’ असं विचारतात, म्हणजे आत किती डिस्का बसतात. त्यात साधी डिस्क घालू नये. पाळतीसाठीच्या खास डिस्का चोवीस तास लिहिण्यासाठी केलेल्या असतात. त्या एखाद्या बिघडलेल्या चौकटीवर अडून न बसता पुढं लिहीत जातात. लग्नाच्या शूटिंगसाठी मात्र साधीच बरी. तिथं एकेक चौकट मोलाची.

आणि लग्नाचा हिशेब बघा. व्हीसीडी ७४ मिनिटांची, त्यामुळे १ टीबीत दीड हजार तासांहून जास्त मावतं. आजचा कॅमेरेवाला फोर-के शूट करतो. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी, म्हणजे त्याच डिस्कवर फक्त २२ तास. हळद, लग्न आणि वरातीला तीन कॅमेरे लावले की एक टीबी संपला!

पाणी आलं तर

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी फुगली आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यावरच्या टीव्हीखालचं सगळं पाण्यात. डिस्कच्या त्या बारीक छिद्रातून पाणी आत जातं, आणि आपण घाईनं वीज लावली की हेड तबकडीवर घासतं. भिजलेली डिस्क वाळवू नका, लावूनही बघू नका. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. आशा सोडायचं कारण नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या डिस्कवरचा जवळजवळ ९९ टक्के डेटा तज्ज्ञांनी परत मिळवला आणि त्यावरचं संशोधन २००८ मध्ये छापून आलं.

२०११ मध्ये पूर आला थायलंडला, आणि डिस्का महागल्या जगभर. तिथले कारखाने बुडाल्यानं काही महिने दुकानात भाव जवळजवळ दुप्पट होते.

म्हणून डब्यात दोन डिस्का घातल्याच, तर त्यांचं टिवोसारखं लग्न लावू नका. दोन्हींवर तेच ठेवा. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्का जोडून भरवशाचा साठा करायच्या रीती मांडल्या, त्यातली सर्वांत सोपी रीत हीच: एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. पण एकाच डब्यातल्या दोन डिस्का एकाच पुरात बुडतात. तिसरी प्रत अमळनेरला, नंदुरबारला, जिथं गावचं घर असेल तिथं नेऊन ठेवा. आजोबांचा आवाज असलेली जुनी व्हीएचएस किंवा सीडी घरात असेल, तर ती याच महिन्यात डिस्कवर उतरवा. आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढा.